माचनूरचा संघम रेडिओ: आधी श्रोते, मग कार्यक्रम, शेवटी ट्रान्समीटर

पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करत हैदराबादला जाणारा महामार्ग तेलंगणात शिरला की झहीराबाद लागतं. पूर्वी हा भाग मेदक जिल्ह्यात होता, 2016 पासून संगारेड्डी जिल्ह्यात आहे. या परिसरातल्या माचनूर गावात संघम रेडिओ नावाचं एक केंद्र आहे, एफएम 90.4. 15 ऑक्टोबर 2008 ला त्याचं प्रसारण अधिकृतपणे सुरू झालं. केंद्र चालवणाऱ्या बाया आसपासच्या खेड्यांतल्या, बहुतेक दलित, कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या. स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळून खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे स्थानिक लोकांचं ना-नफा चालणारं छोटं केंद्र, मानलं जातं.

सामुदायिक रेडिओवरच्या लेखांत माचनूरचा उल्लेख 'पहिलं केंद्र' म्हणून एका ओळीत येतो आणि लेख पुढे सरकतो. मला त्या पहिलेपणापेक्षा केंद्र घडलं तो क्रम फार मोलाचा वाटतो. इथले श्रोते 1980च्या दशकापासून गावोगावी एकत्र बसत होते. कार्यक्रम 1998च्या सुमारास तयार व्हायला लागले. प्रसारण 2008 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे नवी केंद्रं निघतात तेव्हा सगळं बरोबर उलट्या दिशेनं जातं: आधी मनोरा आणि स्टुडिओ, मग कार्यक्रमांची जुळवाजुळव, आणि ऐकणार कोण हा प्रश्न सगळ्यात शेवटी. म्हणून हे एकच प्रकरण जरा सावकाश पाहू.

संघम म्हणजे कोण

डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था 1983 पासून या भागात काम करते. संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश मूळचे दूरदर्शनचे निर्माते. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो 'साइट' प्रयोग झाला, त्यात त्यांनी काम केलं होतं. दिल्लीहून किंवा अहमदाबादहून खेड्याकडे कार्यक्रम पाठवणं म्हणजे काय हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या कामाची दिशा त्याच्या अगदी उलट होती, आणि यात मला योगायोग दिसत नाही.

संस्थेनं गावागावात बायकांचे संघ बांधले. हेच संघम. पुढे ते 75 च्या आसपास गावांत पसरले आणि सभासद बायांची संख्या सुमारे 5,000 वर गेली. आठवड्याला रात्री बैठक, कारण दिवस शेतात जातो. बैठकीत पडीक जमीन लागवडीला आणण्याचं ठरे, कर्ज-उसनवारीचं ठरे, बी कोणाकडे किती उरलंय याचा हिशोब होई. रेशनवर फक्त तांदूळ आणि गहू मिळे, इथलं खाणं तर ज्वारीचं. मग गावातलीच ज्वारी गावातच साठवायची आणि गरजू घरांना स्वस्तात द्यायची, अशी धान्य-व्यवस्था या बायकांनी 1990 च्या दशकात चालवून दाखवली. एकाच शेतात ज्वारी, तूर, राळा, बाजरी, जवस, हुलगा अशी अनेक पिकं मिसळून घ्यायची ही तिथली रीत. मराठवाड्यातल्या वाचकाला ती अनोळखी वाटणार नाही. 1956 पर्यंत हा मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि जमीन नि पाऊस यांना राज्याची हद्द कुठे कळते?

रेडिओच्या दृष्टीनं यातली मोलाची गोष्ट ही की इथे बोलण्याची जागा आधीच तयार होती. बायकांना विषय होते, मतं होती, एकमेकींचं खोडून काढण्याची सवय होती. ज्ञानही होतं. कुठलं बी कुठल्या मातीत, पेरणीला वापसा कसा पाहायचा, कीड लागली तर काय करायचं हे सगळं तोंडी चालत आलेलं. यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे छापील पत्रक त्यांच्या कामाचं नव्हतं. आकाशवाणी ऐकायला येई, पण तिच्यावरची तेलुगू शहरी आणि किनारी वळणाची. या भागातली उर्दू-कन्नडचा स्पर्श असलेली बोली तिच्यावर जवळपास नसेच. आपल्याकडे माणदेशातल्या किंवा मेळघाटातल्या बाईला मुंबई केंद्रावरची जुनी मराठी जितकी परकी वाटली असेल, तितकीच ही.

लहरी कोणाच्या

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. वाद होता क्रिकेटचा. 1993 च्या हीरो चषकाचे सामने दाखवायचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनं परदेशी कंपनीला दिले होते, त्यावरून सरकार आणि संघटना न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची एकट्याची मक्तेदारी असू शकत नाही, आणि पैसेवाल्या खासगी मालकांचीही असू नये. लोकहितासाठी त्यांचं नियमन एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेनं करावं. सरकारचा तोवरचा आधार होता 1885 चा टेलिग्राफ कायदा, म्हणजे इंग्रजांच्या काळचा.

क्रिकेटच्या भांडणातून खेड्यातल्या रेडिओची वाट निघाली. पण सरकारनं त्या वाटेवर पाऊल टाकायला फार वेळ लावला. 1990 च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे एफएमच्या लहरींचे लिलाव झाले, शहरांत खासगी केंद्रं आली. सामुदायिक रेडिओसाठी पहिलं धोरण 2002 मध्ये आलं तेही फक्त शिक्षणसंस्थांसाठी; त्याखाली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र फेब्रुवारी 2004 मध्ये सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडायला नोव्हेंबर 2006 उजाडलं. निकाल आणि हे धोरण यांमधल्या या अकरा वर्षांत माचनूरमध्ये जे घडलं, तेच या प्रकरणाचं मर्म.

कॅसेटची दहा वर्षं

1996 च्या सुमारास युनेस्कोच्या माध्यमतज्ज्ञांनी या परिसराला भेट दिली. बायकांनी स्वतःचा रेडिओ हवा असं सांगितलं. युनेस्कोच्या मदतीनं 1998 पर्यंत माचनूरमध्ये छोटा स्टुडिओ उभा राहिला, ट्रान्समीटरही आले. फक्त ते चालू करायची परवानगी नव्हती.

अशा वेळी बरेच जण कुलूप लावून मंत्रालयाच्या चकरा मारत बसले असते. इथे दोन गोष्टी समांतर चालल्या. एकीकडे धोरणासाठी आग्रह: जुलै 2000 मध्ये हैदराबाद आणि झहीराबादजवळचं पस्तापूर इथे झालेल्या कार्यशाळेतून एक जाहीरनामा निघाला. देशात सरकारी आणि व्यापारी रेडिओच्या बरोबरीनं लोकांचा, ना-नफा, स्थानिक असा तिसरा स्तर हवा, ही मागणी त्यात स्पष्टपणे केली होती. सामुदायिक रेडिओच्या भारतीय चळवळीत तो पस्तापूरचा जाहीरनामा म्हणूनच ओळखला जातो. दुसरीकडे, प्रसारण नसलं तरी कार्यक्रम करायचे. बायका रेकॉर्डर घेऊन गावात जात, बोलणी आणि गाणी टिपत, स्टुडिओत जोडजाड करत, आणि तयार झालेल्या कॅसेट संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर लावत.

परवान्याशिवाय चाललेल्या या कामाचे फायदे नंतर रेडिओ सुरू झाल्यावर दिसले. पहिला फायदा असा की कार्यक्रम ऐकणारी माणसं समोर बसलेली असत. कंटाळा आला तर बायका उठून जात, खोटं वाटलं तर तिथेच बोलत. हवेत सोडलेला कार्यक्रम कोणी ऐकला की नाही हे केंद्राला कळत नाही. बैठकीत लावलेल्या कॅसेटचा निकाल दहा मिनिटांत लागतो. दुसरा फायदा, आवाजांचा साठा तयार होत गेला. 2008 मध्ये प्रसारण सुरू झालं तेव्हा हाताशी वर्षानुवर्षांचं रेकॉर्डिंग होतं. नव्या केंद्राला पहिल्या काही महिन्यांत 'आज काय लावायचं' हा प्रश्न खातो, तो इथे नव्हता.

तिसरा फायदा माणसांचा. हे काम पुढे नेणाऱ्या दोघींचं नाव एकच आहे: जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा. दोघी याच परिसरातल्या दलित कुटुंबांतल्या. रेकॉर्डिंग, संपादन, मिक्सर चालवणं हे त्या संस्थेच्या आश्रयानं शिकल्या आणि परवाना येईपर्यंत त्यात तरबेज झाल्या होत्या. दहा वर्षं सराव करून मग मायक्रोफोन हातात घेणारे निवेदक व्यावसायिक केंद्रांतही किती असतील?

15 ऑक्टोबर 2008 ला उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत आले. निकाल लिहिणारा न्यायाधीश त्या निकालातून जन्मलेल्या केंद्राचं दार उघडायला आला, हा क्षण आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असायला हवा. सावंत आपले, निवृत्तीनंतर पुण्यात राहिले, तिथेच फेब्रुवारी 2021 मध्ये गेले. त्यांच्या कामांची उजळणी होते तेव्हा चौकशी आयोगाचं नाव निघतं, माचनूरचं निघत नाही. संयुक्त राष्ट्रांचा पहिला ग्रामीण महिला दिनही उद्घाटनाच्याच तारखेला होता.

दीड-दोन तासांत काय असतं

प्रसारण संध्याकाळचं, रोज दीड-दोन तास. सकाळी ऐकायला कोण आहे? बाया शेतावर. अंधार पडल्यावर चूल पेटते, भाकरी होतात, आणि रेडिओ किंवा मोबाइलमधला एफएम कानाशी लागतो. वेळ ठरवताना व्यावसायिक केंद्र गर्दीच्या तासांचा आणि जाहिरातदारांचा विचार करतं, इथे तो चुलीच्या वेळेनुसार ठरला. संस्थेच्या सांगण्यानुसार आवाज शंभरेक गावांपर्यंत पोचतो.

कार्यक्रमांचा कणा म्हणजे बोलणं. शेतीबद्दलचं बोलणं हंगामाप्रमाणे फिरतं: पेरणीच्या आधी बियाणं, मग खुरपणी, मग कीड, मग काढणी आणि साठवण. यात बोलणारी बहुधा गावातली जाणती शेतकरीण. कृषी अधिकाऱ्याला बोलावून माहिती सांगायला लावणं हा आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचा साचा, आणि आपल्याकडेही तोच रुळला. माचनूरमध्ये तज्ज्ञ कोण याचं उत्तर बदललं. एखादी म्हातारी सांगते की राळ्याचं बी राखेत घालून ठेवलं की कीड लागत नाही, दुसरी म्हणते आमच्याकडे कडुनिंबाचा पाला घालतात, आणि कार्यक्रम त्या दोघींच्या बोलण्यात पुढे जातो. ऐकणारीला कळतं की आपल्यालाही असं काही माहीत आहे जे यांना माहीत नाही, आणि ती ते पुढच्या बैठकीत सांगते. विषय बैठकीतून येतात, कार्यक्रम होऊन हवेत जातो, त्यावरचं बोलणं पुन्हा बैठकीत. हे वर्तुळ पूर्ण होतं म्हणूनच याला मी बोलण्याचा रेडिओ म्हणतो. नाहीतर नुसतं भाषण प्रसारित करणाऱ्या केंद्रांची कमी नाही.

शेतीच्या जोडीला आरोग्य असतं: बाळंतपण, लहान मुलांची दुखणी, घरगुती औषधं. भरड धान्याच्या पाककृती असतात. मुलींच्या शिक्षणावर, दारूवर, घरातल्या मारहाणीवर बोललं जातं. सणांचे कार्यक्रम असतात. तेलंगणाचा बतुकम्मा म्हणजे फुलांचा आणि गाण्यांचाच सण, तो आला की गावोगावची गाणी रेकॉर्ड होतात. गाणी इथे दोन कार्यक्रमांमधली जागा भरायला लावत नाहीत. पेरणीचं गाणं, दळणाचं गाणं, लग्नाचं गाणं, प्रत्येकात माहिती आणि आठवण दडलेली असते. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

संक्रांतीपासून महिनाभर परिसरात जुन्या पिकांची जत्रा फिरते. बैलगाड्या देशी बियांनी सजवून गावोगाव नेतात. रेडिओला हा महिना म्हणजे रेकॉर्डिंगची सुगी. एकेका गावात थांबा, बायांशी बोला, त्या गावात कुठलं बी टिकलंय आणि कुठलं गेलं ते टिपा. यातूनच परिसरातल्या पीकवाणांची एक बोलकी नोंद तयार होत गेली. हीच संस्था पुढे 2019 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराची मानकरी ठरली.

बातमी नको

आता अडचणीचं. 2006 च्या धोरणानं सामुदायिक रेडिओला बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायला मनाई केली. पुढे हवामान, वीज-पाणी, आरोग्याच्या सूचना, स्थानिक कार्यक्रमांची माहिती यांना बातमी मानायचं नाही असा खुलासा झाला, आणि आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवायला मुभा मिळाली. म्हणजे दिल्लीची बातमी सांगता येते, शेजारच्या गावची नाही.

ही मनाई मला चुकीची वाटते, आणि माचनूरसारख्या ठिकाणी ती किती विचित्र ठरते हे पाहिलं की ते पटतं. बायकांनी कापसाच्या नव्या बियाण्याच्या अनुभवावर बोललं तर ते शेतीविषयक मार्गदर्शन की चालू घडामोड? रेशनवर भरड धान्य का नाही, हा प्रश्न पाककृतीच्या कार्यक्रमात आला तर? याच संस्थेच्या बायकांनी वारंगळमधल्या बीटी कापसाच्या नुकसानीवर कॅमेरा हातात घेऊन माहितीपट केला. पडद्यावर जे सांगता आलं ते स्वतःच्या रेडिओवर त्याच उघडपणे सांगताना परवान्याचा विचार करावा लागतो. संघमच्या बैठकीत जे मोकळेपणानं बोललं जातं त्याच बोलण्याला हवेत गेल्यावर कुंपण पडतं.

तांत्रिक मर्यादा त्या मानानं समजण्यासारख्या आहेत: प्रभावी शक्ती 100 वॅट, अँटेना साधारण 30 मीटरपर्यंत. छोट्या परिसराचा रेडिओ छोटाच राहावा यात गैर काही नाही.

पैशाचा प्रश्न मात्र देशातल्या सगळ्याच सामुदायिक केंद्रांना छळतो. सुरुवातीला तासाला 5 मिनिटं जाहिरात चालत होती, नंतर 7, आणि फेब्रुवारी 2024 च्या बदलानंतर 12 मिनिटं. पण सरकारी जाहिरातींवर जगणारं केंद्र सरकारी योजनांचं भोंगा-केंद्र व्हायला वेळ लागत नाही, आणि खेड्यात खासगी जाहिरातदार फारसे नसतात. माचनूर टिकलं कारण त्यामागे संघम होते आणि संस्थेची इतर कामं होती. रेडिओला एकट्याला स्वतःचं पोट भरायचं नव्हतं. हा आधार नसलेल्या केंद्रानं त्याचं अनुकरण करताना याचा विचार करावा. 2023 च्या मार्चमध्ये सतीश गेले. संस्थापकाच्या आधारावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही कामाला त्यानंतरचा काळ कठीण असतो.

आपल्याकडचे दोन धागे

महाराष्ट्रात याच्या जवळचा प्रयोग फार आधी झाला होता. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं 'शेतकरी श्रोता मंडळं' चालवली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे 150 गावं, आठवड्यातून दोन कार्यक्रम, दहा आठवडे. कार्यक्रम संपला की गावकऱ्यांनी चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं आणि श्रोता मंडळं असलेल्या गावांत माहितीत ठळक वाढ झाल्याचं दिसलं. 1959 पासून ही कल्पना देशभर नेली गेली आणि पुढे ओसरली. एकत्र बसून ऐकणं आणि बोलणं हा भाग माचनूरसारखाच होता. फरक इतकाच की मायक्रोफोन पुण्यात होता.

दुसरा धागा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचा. माणदेशी फाउंडेशनचा माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओही 2008 मधलाच. त्याच्याआधी तिथे बायकांची सहकारी बँक होती, 1997 पासूनची. निरक्षर प्रवर्तकांचं कारण देऊन जिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता ती. तिथेही बायका आधी एकत्र आल्या, रेडिओ नंतर आला. दोन्ही ठिकाणी दुष्काळी मुलूख, दोन्ही ठिकाणी शाळेपासून लांब राहिलेल्या बायका. एकसारख्या परिस्थितीत एकसारखा क्रम दोनदा दिसला, म्हणून माझा त्यावरचा विश्वास वाढला आहे.

फेब्रुवारी 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी परवान्याची पहिली मुदत 10 वर्षं केली, एका संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत मुभा दिली, आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या बायका असाव्यात असं घातलं. महाराष्ट्रात महिला बचतगटांचं जाळं गावोगाव आहे, त्यांच्या बैठका ठरल्या दिवशी होतात. आपल्या तालुक्यात रेडिओ काढायचं मनात असलेल्या संस्थेला माझं सांगणं आहे की अर्ज भरायच्या आधी वर्षभर त्या बैठकांत बसावं, मोबाइलवर बायकांचं बोलणं त्यांच्या संमतीनं टिपावं, जोडजाड करून पुढच्या बैठकीत तेच ऐकवावं आणि कोण उठून जातं, कोण मध्येच बोलतं ते पाहावं. याला कुठलाही परवाना लागत नाही, आणि वर्षाअखेर कार्यक्रम कोण करणार हे आपोआप ठरलेलं असेल.